वधूपक्षाच्या खोलीतली परीक्षा

“डोळे मिटा. खांदे सैल सोडा,” मी जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाले. “आता अशी कल्पना करा, की तुम्ही एका नदीच्या काठी बसला आहात. पाणी संथ वाहतंय. हळूहळू ते तुमच्या पावलांना स्पर्श करतंय…”

समोर सतरंजीवर बावीस बायका बसल्या होत्या. एकवीस जणींनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले होते. बाविसावी भिंतीकडे तोंड करून बसली होती, त्यामुळे तिचे डोळे मिटलेत की उघडे आहेत हे कळायला मार्ग नव्हता. पहिल्या रांगेतल्या शेवंताकाकूंनी एक डोळा उघडला.

“पावलाला लागलं म्हंजे पुलापाशी किती फुटावर आलं गं पानी?” त्यांनी विचारलं. “चव्वेचाळीस?”

“चव्वेचाळिसाला तुमच्या गल्लीत लागत असंल,” मागून कुणीतरी म्हणालं. “आमच्या आळीत सेहेचाळिसाशिवाय न्हाई येत.”

“आगं मग डोळं मिटून काय बसलाय? उठा, गठुडी बांधा!”

बावीसच्या बावीस नाही, पण एकवीस जणी तरी इतक्या जोरात हसल्या की खाली जेवण रांधणारे आचारी जिना चढून दाराशी डोकावून गेले. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. ज्या बायकांना अकरा दिवसांपूर्वी नावेत घालून घराबाहेर काढलं होतं, त्यांच्या पायाशी मी ती नदी पुन्हा आणून सोडली होती, आणि तीही ‘संथ’ वगैरे विशेषणं लावून.

मग त्यांना थांबवणं कुणाच्याही हातात राहिलं नाही. कुणाच्या दारात किती पाणी, कुणाच्या तुळईला किती, कुणाची कोंबडी कौलावर चढून तीन दिवस कशी बसली. शमशादभाभी हसता हसता एकदम रडायला लागल्या. त्यांचं शिलाई मशीन माळ्यावर ठेवलं होतं आणि पाणी माळ्याच्याही वर गेलं होतं. शेवंताकाकूंनी त्यांना जवळ ओढलं आणि पाठीवर थोपटत बाकीच्यांना कोंबडीचं पुढे काय झालं ते सांगायला लावलं. मी हातात कागद धरून मधोमध उभी होते, आणि माझी तिथे काडीची गरज नव्हती.

दारात डॉ. लुसिया ओकाम्पो उभ्या होत्या. माझ्या प्राध्यापक आणि त्या दिवशीच्या माझ्या परीक्षक. त्यांना मराठीचा एक शब्दही येत नव्हता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा अमेरिकेतल्या एका विद्यापीठात आंतरराष्ट्रीय आपत्ती मानसशास्त्र या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत होते. नाव भारदस्त आहे. ठाण्यात माझी आई शेजाऱ्यांना सांगताना मधला ‘आपत्ती’ गाळायची. भूकंप, पूर, युद्ध यांतून वाचलेल्या माणसांना सावरायला मदत कशी करायची, हे आम्ही शिकत होतो. पदवीसाठी एक प्रात्यक्षिक पास व्हावं लागे, आणि त्याला दोनदाच बसता येई. पहिल्यांदा मी ग्रीसमधल्या एका निर्वासित छावणीत नापास झाले होते. शेरा असा होता: ‘ऐकण्यापेक्षा सल्ले अधिक देते.’ खोटं कशाला बोला, मी तिथे एका आजोबांना गुडघ्याचे व्यायाम शिकवले होते, आणि ते आपल्या मुलाबद्दल बोलायचा प्रयत्न करत होते. आई म्हणाली, “आमची केतकी लहानपणापासूनच अशी. पाळण्यातून सुद्धा सूचना द्यायची.”

दुसरी संधी शिरोळ भागातल्या महापुरानंतर मिळाली. आंबेकुरण नावाच्या गावातली माणसं शेजारच्या गावच्या मंगल कार्यालयात आणून ठेवली होती. पुरुष खाली मांडवात, जनावरं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि बायका वरच्या मजल्यावर ‘वरपक्ष’ आणि ‘वधूपक्ष’ अशा पाट्या असलेल्या दोन खोल्यांत. त्या पाट्यांवरून रोज चेष्टा चाले. पंगतीत आधी वधूपक्ष बसला की वरपक्षातल्या बायका रुसून दाखवत.

आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्या बाविसाव्या म्हणजे आक्काताई खोत. वय सत्तरीपुढचं. ताट समोर आणलं की चार घास खात, विचारलं तर मान हलवत, पण आल्या दिवसापासून तोंडातून शब्द काढला नव्हता. पाणी उतरू लागल्यावर बाकीच्या बायका सकाळी पाळीपाळीने गाळ उपसायला गावात जाऊन येत. आक्का गेल्या नव्हत्या. त्यांचं मातीचं घर पडलं होतं. डॉ. ओकाम्पोंनी पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे बघून मला सांगितलं होतं, “हिची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तू घाई करू नकोस.”

तर, त्या दिवशी सत्र संपल्यावर डॉ. ओकाम्पो लंगडत माझ्याकडे आल्या. त्यांनी आल्या आल्या कोल्हापुरी चपला घेतल्या होत्या आणि त्या चपला त्यांना कडकडून चावल्या होत्या. पण चेहरा नुसता फुलला होता.

“केतकी! पाच मिनिटांत इतका मोकळा झालेला गट मी वीस वर्षांत पाहिलेला नाही. तू काय म्हणालीस त्यांना?”

दुभाषे म्हणून यायचे ते पाटोळे सर त्या दिवशी मदतीच्या ट्रकबरोबर दुसऱ्या गावाला गेले होते. म्हणजे मी काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. ‘त्यांच्याच अनुभवापासून सुरुवात केली,’ असं एक वाक्य माझ्या ओठांवर आलंही होतं. पण त्या माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघत होत्या की मला ते बोलवेना. मी सगळं सांगून टाकलं. आमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतला आरामाचा पाठ मी ठाण्यात पंख्याखाली बसून मराठीत कसा आणला, ‘संथ’ या शब्दावर अर्धा तास कसा घालवला, आणि तो कुणापुढे वाचायचा आहे हे मनातही कसं आलं नाही.

 डॉ. ओकाम्पोंचे खांदे हलू लागले, आणि मग त्या जिन्याच्या पायरीवर बसून पोट धरून हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, “भूकंप झालेल्या एका डोंगरी गावात मी लोकांना सांगितलं होतं, पायाखालची भक्कम जमीन अनुभवा. मी हे म्हणत असतानाच दुसरा धक्का बसला.”

“मग?”

“मग काय, सगळे पळाले. मी सगळ्यांच्या पुढे होते.”

मलाही हसू फुटलं. मला वाटलं, सुटले!

“मला तेव्हा नापास केलं होतं,” त्या हसू आवरत म्हणाल्या. “तुलाही करावं लागेल. तो गट मोकळा झाला, पण त्यात तुझं काही नव्हतं. बघ, तू खरं बोललीस, म्हणून आजचं सत्र मी सराव धरते. शुक्रवारी दुपारी पुन्हा घे. पण शुक्रवारनंतर माझ्या हातात काही नाही.”

म्हणजे तीन दिवस. नाहीतर दोन वर्षं पाण्यात, आणि हा वाक्प्रचार तिथे वापरायचीही सोय नव्हती.

आमच्या पुस्तिकेत एक नियम ठळक अक्षरांत होता: आपत्तीग्रस्तांपुढे स्वतःची दुःखं मांडू नका. मी तो संध्याकाळपर्यंत पाळला. चहाच्या वेळी शेवंताकाकू माझ्यासमोर येऊन बसल्या.

“तोंड का पडलंय गं तुजं?”

“काही नाही काकू.”

“काही न्हाई म्हंजे काय? दुपारपासून बगालोय. त्या गोऱ्या बाई हसत हुत्या आन् तू रडकुंडीला आलीस. काय झालं सांग.”

आणि मी सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर ग्रीस, गुडघे, सगळंच सांगितलं. बोलता बोलता आजूबाजूला बायका जमल्या. 

“म्हंजे आमी हसलो म्हनून तू नापास झालीस?” शेवंताकाकू म्हणाल्या.

“नाही हो. चूक माझीच होती.”

“पर आमी गप डोळं मिटून बसलो असतो तर पास झाली असतीस का न्हाई?”

यावर खोटं बोलता येईना. “कदाचित,” मी म्हणाले.

एकच गलका उठला. शेवंताकाकूंना सगळ्या मिळून बोलू लागल्या, तुमचीच जीभ वळवळली, तुम्हीच फुटांचा विषय काढलात. शमशादभाभी म्हणाल्या, “पोरीचं वरीस वाया घालवलंसा.” काकू रडवेल्या झाल्या. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. जाड, घोगरा, बरेच दिवस न वापरलेला.

“कितवीत हाय ती?”

आक्का वळून बसल्या होत्या.  अकरा दिवसांनी हे माणूस बोललं होतं, आणि त्याने माझी इयत्ता विचारली होती. शेवंताकाकूंनीच सावरून उत्तर दिलं.

“सतरावीत असंल बगा, आक्का.”

“सतरावीत जाऊन नापास हुती?” आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “परीक्षा कवा हाय म्हनालीस?”

“शुक्रवारी दुपारी.”

“मग हितं बसून रडालीस कशाला? तयारी कर की.”

तयारी त्यांनीच सुरू केली. त्या संध्याकाळी त्या उठून वधूपक्षाच्या खोलीच्या मधोमध येऊन बसल्या आणि मला समोर बसवलं. परीक्षेत काय विचारतात, हा पहिला प्रश्न.

“मला काही विचारत नाहीत, आक्का. मी तुमच्याशी कशी बोलते, तुमचं कसं ऐकते, ते बघतात.”

“मग आमी काय बोलायचं?”

“तुम्हाला जे बोलावंसं वाटेल ते.”

“असं कुटं असतंय व्हय?” आक्का वैतागल्या. “परीक्षा हाय ती. वाटंल ते बोलून कोन पास झालंय?”

मग दोन दिवस रंगीत तालीम चालली. सकाळी गाळ उपसून आलेल्या बायका हातपाय धुऊन, जेवून वधूपक्षाच्या खोलीत हजर होत. वरपक्षातल्याही यायच्या. आक्कांनी क्रम लावून दिला. एकीचं बोलणं चालू असताना दुसरीने तोंड उघडायचं नाही. शेवंताकाकूंना फूट आणि इंच हे शब्द बंद. शमशादभाभींनी मशीनबद्दल बोलायचं, पण रडू आलं तर आवरायचं नाही, कारण “खरं वाटाय पायजे.”

“मला खरंच येतंय की रडू,” शमशादभाभी म्हणाल्या.

“मग तर बरंच झालं.”

कुणी काय बोलायचं हे ठरवायचं म्हणजे आधी सगळं ऐकावं लागे. प्रत्येक जण आपलं सांगायची, आणि आक्का त्यावर निकाल द्यायच्या. “तुजं लांबतंय. नावंचं ठेव, देवाऱ्याचं काड.” त्यावर ती बाई हटून बसे, की देव्हाऱ्याचंच खरं महत्त्वाचं आहे, आणि का आहे ते पुन्हा पहिल्यापासून सांगे. एरवी कधी न बोलणारी एक सून सासूविषयी बोलली, सासू शेजारीच बसलेली असताना, आणि सासूने तिचं बोलणं मध्येच दुरुस्त करून पाण्याचा गडू पुढे केला. मी दोन्ही दिवस एका कोपऱ्यात बसून होते. मला सल्ला द्यायला कुणी फटही ठेवली नव्हती. सांगण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं, तळहात शिवशिवावेत तशी जीभ शिवशिवत होती, पण एकदा तोंड उघडलं तेव्हा आक्का म्हणाल्या, “तू गप. तुजी परीक्षा शुक्रवारी.”

डॉ. ओकाम्पो अधूनमधून दारापाशी दिसत. पायाला पट्ट्या लावलेल्या, हातात वही. काहीतरी टिपून परत जात.

शुक्रवारी सकाळी आक्का जागेवर नव्हत्या.  शोधलं तर मागच्या शेडकडून हळूहळू येताना दिसल्या, पदराखाली काहीतरी झाकलेलं. कुणाच्या तरी म्हशीचं दूध रात्री मागून घेऊन त्यांनी विरजण लावलं होतं, आणि साखर आचाऱ्याकडून आणली होती.

“हात कर,” त्या म्हणाल्या. माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली. “न बोलता खायाचं.”

मी न बोलता खाल्लं. मला खूप रडू येत होतं.

दुपारी सत्र सुरू झालं. डॉ. ओकाम्पो खुर्चीवर, शेजारी पाटोळे सर कानात इंग्रजी सांगायला. सतरंजीवर बायका धुतलेल्या साड्या नेसून बसलेल्या, इतक्या ताठ की वर्गाचा फोटो काढायचा असावा. मी एवढंच म्हणाले, “आज कसं वाटतंय, सांगाल का?”

ठरल्याप्रमाणे शमशादभाभी बोलल्या. ठरल्याप्रमाणे शेवंताकाकू बोलल्या, आणि फूट म्हणायची वेळ आली तेव्हा जीभ चावून “लई वर” म्हणाल्या. मागून कुणीतरी खुदकन हसलं. सगळं सुरळीत चाललं होतं. आक्कांनी स्वतःला पाळी दिली नव्हती. त्या शेवटच्या रांगेत बसून सगळ्यांवर नजर ठेवून होत्या. शेवटची बाई बोलून झाली, मी आता समारोप करणार, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, “माजं ऱ्हायलं.”

हे तालमीत नव्हतं. सगळ्या वळून बघू लागल्या.

“मी लगीन हून आलो तवापासनं ती भीत मी सारवायचो,” आक्का म्हणाल्या. तिकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी आलो, मी गेलो. “पन्नास वर्सं. कुटं भेग पडली की मला ठाव. नावंत बसल्यावर पोरगा म्हनाला, आये, बग, पडालंय घर. मी पाठ केली. बगवंना. सगळी गल्ली बगत हुती, आन् मी पाठ करून बसलो.” त्या थांबल्या. “पन्नास वर्सं सांबाळलं त्या भितीनं. जाताना तिच्याकडं बगाय पायजे हुतं का न्हाई? मग हितं आल्यावर भितीकडंच तोंड करून बसलो. दुसरं काय करनार?”

 माझ्या तोंडात किमान पाच वाक्यं तयार होती. तुमची काही चूक नाही आक्का, हे पहिलं. सगळी पुस्तकातली होती आणि सगळी बरोबर होती. मी ती गिळली आणि त्यांच्याकडे बघत बसून राहिले. 

“आक्का,” शेवंताकाकू म्हणाल्या, “माती मळाय मी येतो.”

“मी शेन आनतो.”

“माजी दोन पोरं हाईत की, भीत उचलाय.”

“आनि पडदं मी शिवतो,” शमशादभाभी म्हणाल्या. “मशीन गाळातनं काडलंय. तेलपानी केलं की चालतंय बगा.”

आक्कांनी पदराने नाक पुसलं. मग त्या खुर्चीकडे वळल्या आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, “ओ मास्तरीनबाई. पोरगीला पास करा. गप बसून ऐकती.”

पाटोळे सरांनी भाषांतर केलं. डॉ. ओकाम्पोंनी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं.

सत्र संपल्यावर मी जिन्याच्या पायरीवर त्यांच्याशेजारी बसले. लपवण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं.

“हे सगळं ठरवलेलं होतं,” मी म्हणाले. “दोन दिवस तालीम चालली होती. मी माझ्या नापासाचं त्यांना सांगितलं. नियम मोडला. त्यांनी मला पास करायचं मनावर घेतलं. शेवटचं तेवढं ठरलेलं नव्हतं.”

“मला माहीत आहे,” डॉ. ओकाम्पो म्हणाल्या. “तालमीला मी दारात होते. भाषा येत नसली तरी तालीम ओळखता येते.” त्यांनी पिशवीतून एक छापील फॉर्म काढला. “हा तुला भरायचा आहे. माझी सही त्याखाली. नीट विचार करून लिही.”

त्यावर दोनच रकाने रिकामे होते. पहिला असा: ‘या गटाची सर्वांत तातडीची गरज कोणती होती?’

मी पेन घेऊन बसले. या बायकांना चादरी आल्या होत्या, बिस्किटं आली होती, तांदूळ, साबण, कपडे, आणि रोज नवे नवे पाहुणे येऊन धीर देऊन गेले होते. जो तो काहीतरी द्यायला येत होता. इतक्या दिवसांत त्यांच्याकडे काही मागायला आलेली मी पहिलीच होते, आणि तेही रडत.

मी लिहिलं: ‘मी पास होणं.’

दुसरा रकाना होता: ‘ती गरज पूर्ण झाली का?’ तो मी कोरा ठेवला आणि फॉर्म त्यांच्याकडे दिला.

डॉ. ओकाम्पोंनी वाचलं. चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. दारात बावीसच्या बावीस जणी दाटीवाटीने उभ्या होत्या, आणि वरपक्ष त्यांच्या खांद्यांवरून डोकावत होता. डॉ. ओकाम्पोंनी त्यांच्याकडे बघितलं, पेन काढलं, दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या हाताने ‘हो’ लिहिलं आणि खाली सही केली.

पाटोळे सरांना भाषांतर करावंच लागलं नाही. शेवंताकाकूंनी मला उचलायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघी पडता पडता वाचलो. शमशादभाभी आचाऱ्याकडे गोडाचं बघायला धावल्या. गलका जरा ओसरल्यावर आक्का पुढे आल्या आणि त्यांनी फॉर्मवरच्या सहीला बोट लावून बघितलं.

“झालं न्हवं हिचं?” त्यांनी सगळ्यांना विचारलं.

“झालं, आक्का.”

“मग चला,” पदर खोचत त्या म्हणाल्या, “माजं घर कसं पडलंय ते बगून येऊ.”